घरच्या लेथवर लाकूड कातताना

25 सेंटिमीटर व्यासाचा लाकडी वाडगा लेथवर मिनिटाला 800 फेऱ्या घेत असेल, तर त्याच्या काठाचं जवळजवळ 630 मीटर लाकूड दर मिनिटाला पटाशीच्या धारेपुढून जातं. दहा मिनिटं काम चाललं की सहा किलोमीटरच्या वर. लेथ घ्यायचं मनात असलेल्या प्रत्येकाला मी आधी हा हिशेब मांडून दाखवते. लाकूड कातायला शिकताना पहिल्यांदा कशावर हात बसवायचा, याचं उत्तर त्यातच आहे. एवढी घासाघीस सोसून पोलादाची कुठलीच धार फार वेळ टिकत नाही, आणि बोथट पटाशी लाकूड कापण्याऐवजी उपटायला लागते. वाडगा कातणारा कसलेला माणूस दर काही मिनिटांनी ग्राइंडरकडे वळतो, थोडंसं घासतो आणि परत लेथपाशी येतो. ही ये-जा ज्याला कटकट वाटते, त्याच्या हातून नितळ काम होणं अवघड.

आज कातकामाच्या बहुतेक पटाश्या हायस्पीड स्टीलच्या येतात. जुनी कार्बन पोलादाची पटाशी ग्राइंडरवर निळी पडली, म्हणजे 300 अंश सेल्सिअसच्या आसपास तापली, की तिचं पाणी उतरतं आणि धार लगेच लोळते. हायस्पीड स्टील 500 अंशांपर्यंत तापलं तरी आपला कडकपणा सोडत नाही, त्यामुळे नवशिक्यासाठी तेच बरं. खरी अडचण कोनाची असते. गोल पटाशीला साधारण 40 ते 45 अंश, वाडग्याच्या खोल पटाशीला 55 ते 60 अंश असा उतार ठेवतात, आणि तो दर वेळी तोच यावा लागतो. हाताने असा कोन धरता येणारे लोक आहेत. बाकीच्यांनी पटाशी ठरावीक कोनात पकडणारी जिग घ्यावी. एक सोपी युक्ती आहे. पटाशीच्या उतारावर मार्कर पेनाने काळं करायचं, पटाशी चाकाला टेकवायची आणि चाक हाताने थोडं फिरवायचं. शाई फक्त मागच्या बाजूने गेली तर कोन बसलेला नाही, फक्त धारेजवळ गेली तरीही नाही. उतारभर सारखी गेली, तरच मोटर सुरू करायची.

पटाश्यांचे सहा-सहा, आठ-आठ नगांचे संच विकले जातात. त्यातल्या निम्म्या कित्येक महिने हातात येत नाहीत. लांबट वस्तू कातायला एक मोठी गोल पटाशी आणि एक लहान, एक तिरकी पटाशी, तुकडा वेगळा करायला पार्टिंग टूल, आणि पुढे वाडग्यासाठी खोल पन्हळीची जाड पटाशी, एवढ्यावर फार लांबचा पल्ला गाठता येतो. पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या नागदेवीत सुतारी पटाश्या ढिगाने मिळतात, पण त्या लेथवर लावू नयेत. त्यांचा मुठीत जाणारा शेपटा बारीक असतो. फिरत्या लाकडाने झटका दिला तर तो मुठीपाशी मोडतो. लांबट काम ओबडधोबड गोल करायच्या रुंद पटाशीलाही हाच नियम लागू आहे. तिने वाडग्याला हात लावायचा नाही.

यंत्राबद्दल त्या मानाने थोडंच सांगण्यासारखं आहे. डावीकडे मोटरवर फिरणारा हेडस्टॉक, उजवीकडे सरकणारा टेलस्टॉक, मध्ये पटाशी टेकवायचा टूल रेस्ट आणि खाली या सगळ्यांना एका रेषेत धरणारा बेड. घरी ठेवण्याजोग्या लहान लेथवर 25 ते 30 सेंटिमीटर व्यासाचं लाकूड फिरतं, दोन टोकांत 40-45 सेंटिमीटर लांबी बसते आणि अर्धा ते एक अश्वशक्तीची मोटर पुरते. यंत्र घेताना मी दोन गोष्टींचा आग्रह धरीन. फेऱ्यांचा वेग कमी-जास्त करता यावा, आणि खालचा ओटा किंवा टेबल जड असावं. हलकं टेबल थरथरतं आणि ती थरथर लाकडावर चऱ्यांच्या रूपाने उमटते. टेबलाच्या खालच्या फळीवर वाळूच्या गोण्या ठेवल्या तरी फरक पडतो. लेथच्या मध्यरेषेची उंची आपल्या कोपराइतकी धरावी. त्याहून खाली असेल तर अर्ध्या तासात पाठ बोलायला लागते.

हे सगळं यंत्र नसतानाही माणसं लाकूड कातत होती, आणि उत्तम कातत होती. इजिप्तमध्ये पेटोसिरिसच्या थडग्यात इसवीसनपूर्व 300 च्या सुमाराचं एक भित्तिशिल्प आहे. त्यात एक जण दोरीने लाकूड पुढे-मागे फिरवतो आणि दुसरा त्याला हत्यार लावतो. लेथच्या आपल्याला ठाऊक असलेल्या सगळ्यात जुन्या चित्रांपैकी हे एक. आपल्याकडेही कातारी ओळखीचा होता. बौद्धांच्या महासतिपट्ठान सुत्तात श्वासाकडे लक्ष कसं ठेवावं हे सांगताना कुशल कातारी आणि त्याच्या हाताखालचा शिकाऊ यांचा दाखला आला आहे: आपली ओढ लांब आहे की आखूड, हे त्याला ओढतानाच कळत असतं. दोरीच्या लेथवर काम करणाऱ्याच्या लक्षाचं इतकं नेमकं निरीक्षण ज्याने केलं, त्याने ते काम जवळून पाहिलं असणार. आठव्या शतकात जपानच्या सम्राज्ञी शोतोकू यांनी दहा लाख छोटे लाकडी पॅगोडे करवून घेतले, प्रत्येकाच्या पोटात एकेक छापील मंत्र. वीतभर उंचीचे ते पॅगोडे लेथवर कातलेले आहेत आणि नारा शहराजवळच्या होर्यूजी मंदिरात त्यांतले चाळीस हजारांहून जास्त आजही आहेत.

दोरीच्या, कमानीच्या किंवा लवचीक बांबूने ताणलेल्या लेथवर लाकूड एकदा पुढे आणि एकदा मागे फिरतं. पुढे फिरताना कापायचं, मागे फिरताना पटाशी केसभर बाजूला घ्यायची. म्हणजे निम्मा वेळ काम थांबलेलं. इंग्लंडमधल्या बकलबरी गावात जॉर्ज लेली नावाचा कारागीर 1958 मध्ये वारला तोवर असाच पायाच्या लेथवर एल्मच्या लाकडाचे वाडगे कातत असे, आणि एकाच ओंडक्यातून एकात एक बसणारे कित्येक वाडगे काढत असे. त्याचा लेथ रेडिंगच्या ग्रामीण जीवनाच्या संग्रहालयात ठेवला आहे. मोटर आली आणि लाकूड एकाच दिशेने अखंड फिरू लागलं; त्याने वेळ वाचला. पटाशी लाकडाला कशी लावायची यात मात्र काही बदल झाला नाही.

ती कशी लावायची, ते आता सांगते, कारण हा या कामाचा गाभा आहे. लाकूड आपल्या दिशेने, वरून खाली फिरत असतं. पटाशी आधी टूल रेस्टवर टेकवायची, लाकडाला लागायच्या आधी. मग धारेमागचा घासलेला उतार फिरत्या लाकडावर टेकवायचा. या क्षणी काहीही कापलं जात नाही. उतार लाकडावर नुसता सरकत राहतो आणि हाताला हलकी गुळगुळीत थरथर जाणवते. मग मुठीची मागची बाजू हळूहळू वर उचलायची. धार खाली येते, लाकडाला भिडते आणि पहिली वळी सुटते. टेकू, उतार, कापणी, हा क्रम एकदाही मोडायचा नाही. उतार लाकडावर टेकलेला असला की धार किती खोल जाणार हे तो उतारच ठरवतो, त्यामुळे ती खुपसली जात नाही. उतार सुटला आणि धार एकटी लाकडाला भिडली, की लाकूड तिला आत ओढतं. पटाशी अडकते, मोठा आवाज होतो आणि कामावर खोल चरा पडतो.

टूल रेस्टचाही हिशेब साधा आहे. पटाशीची मूठ टेकूच्या मागे 40 सेंटिमीटर असेल आणि धार टेकूच्या पुढे 2 सेंटिमीटर, तर लाकूड जेवढ्या जोराने धार खाली दाबतं त्याच्या विसाव्या हिश्श्याने हाताला ते पेलता येतं. लाकूड कातून बारीक होत गेलं, टेकू जागच्या जागी राहिला आणि धार 10 सेंटिमीटर पुढे गेली, की तोच जोर पाचपट होऊन हातावर येतो. म्हणून थोडं काम झालं की लेथ थांबवून टेकू पुढे सरकवायचा. नवशिक्याची पटाशी वारंवार अडकते तेव्हा तो स्वतःच्या हाताला दोष देतो. बहुतेक वेळा टेकू लांब राहिलेला असतो. तिरक्या पटाशीची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिच्या धारेचा मधला आणि खालचा भाग तेवढाच लाकडाला लागला पाहिजे. वरचं टोक लाकडाला नुसतं शिवलं, तरी त्याखाली टेकूचा आधार नसल्यामुळे पटाशी गर्रकन फिरते आणि कामावर मळसूत्रासारखा चरा उमटतो. इतकी तापदायक असूनही ती शिकावी असं मी म्हणेन. सरळ लाकडावर तिने दिलेला गुळगुळीतपणा दुसऱ्या कुठल्या हत्याराने मिळत नाही.

हल्ली कार्बाइडचे चौकोनी-गोल तुकडे स्क्रूने बसवलेली हत्यारं मिळतात. त्यांना धार लावावी लागत नाही, तुकडा फिरवून बसवला की झालं. नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी वाडगा करता येतो म्हणून ती खपतात. पण ती बहुतांशी लाकूड खरवडतात, उतारावर टेकून कापत नाहीत. त्यांनी सुरुवात केली की हाताला जे समजायला हवं ते समजायचं राहून जातं, म्हणून शिकताना ती नकोत.

धारेला जसा आधार लागतो तसा लाकडाच्या तंतूंनाही. तंतू म्हणजे खराट्याच्या हिरांची जुडी समजा. घट्ट जुडीवर मधोमध कोयता मारला तर हीर स्वच्छ तुटतात; जुडीच्या कडेचे सुटे हीर मात्र कोयत्यापुढे वाकतात, फाटतात, तुटत नाहीत. लाकडातही तेच. ज्या तंतूच्या पाठीमागे दुसरा लांब तंतू उभा आहे तो स्वच्छ कापला जातो, ज्याच्या मागे काही नाही तो उपटला जातो. लाटण्यासारख्या लांबट कामात तंतू लेथच्या अक्षाला समांतर असतात, म्हणून नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे, म्हणजे उतरत्या दिशेने कातायचं. प्रत्येक कापल्या जाणाऱ्या तंतूखाली त्याच्याहून लांब तंतू राहतो. चढत्या दिशेने गेलं की तंतू उचकटतात आणि लाकडावर केसाळ पट्टा दिसायला लागतो.

हे कळण्यासाठी लाटण्याइतकी चांगली वस्तू नाही. ते घरात लागतं, सोपं दिसतं आणि त्यात लपवायला काहीच जागा नसते. 4 सेंटिमीटर चौरस, 35 सेंटिमीटर लांब, सरळ रेषेचा, गाठ नसलेला शिसवी किंवा बाभळीचा तुकडा घ्यावा. दोन्ही टोकांवर कर्ण काढून मध्य शोधावा. हेडस्टॉकचं काटेरी टोक वेगळं काढून लाकडी हातोडीने एका टोकात ठोकावं. लेथवर बसलेल्या टोकावर हातोडी मारली तर बेअरिंग खराब होतात. दुसऱ्या टोकाला टेलस्टॉक घट्ट करावा. सुरू करण्याआधी लाकूड हाताने एक फेरी फिरवून पाहावं, कुठे टेकूला लागत नाही ना.

चौकोनी तुकडा फिरू लागला की त्याच्या कडा धूसर दिसतात आणि आतला भरीव भाग गडद. रुंद गोल पटाशी टोकापासून थोड्या अंतरावर लावून टोकाकडे कातत जायचं, मग थोडं मागून, मग आणखी मागून. पहिला आवाज टक-टक-टक असा असतो, कारण चारच कोपरे धारेला लागत असतात. कोपरे जात गेले की ती टकटक जवळजवळ येते आणि शेवटी अखंड सुस्कारा होतो. डोळ्यांनी पाहायच्या आधी कानाला कळतं की लाकूड गोल झालं. आता पार्टिंग टूलने चार-पाच ठिकाणी खाचा घ्यायच्या. मध्ये 32 मिलिमीटर, टोकांना 26, अधल्यामधल्या जागी त्यांच्या दरम्यान, आणि दर खाच कॅलिपरने मोजायची. खाचांचे तळ हीच आपली अंतिम रेषा. मध्यापासून डावीकडे आणि मध्यापासून उजवीकडे, उतरत्या दिशेने, खाचा जेमतेम पुसल्या जाईपर्यंत कातायचं.

इथे एक नवी अडचण येते. लाकूड बारीक झालं की ते मध्ये लवायला लागतं, पटाशीपासून पळतं आणि परत येतं, आणि लाटण्यावर पिळदार चरे उमटतात. त्यावर जोर वाढवणं हा उपाय नव्हे. धार ताजी करून बारीक वळी घ्यायची, आणि डाव्या हाताची बोटं लाकडाच्या मागच्या बाजूने हलकेच टेकवून त्याला आधार द्यायचा. बोटांना चटका बसायला लागला की समजायचं आपणच पटाशी जास्त दाबतोय. नंतर काचकागद 120, 180, 240, 320 या क्रमाने. दर कागदानंतर लेथ थांबवून हाताने उभ्या रेषेत घासलं की आडवे ओरखडे जातात. दोन्ही बाजूंचा फुगवटा सारखा आला आहे की नाही हे पोळी लाटतानाच नक्की कळतं: लाटणं एका बाजूला ओढलं जात असेल तर ती बाजू बारीक आहे.

वाडगा म्हणजे निराळंच जग. त्यात तंतू अक्षाला आडवे पडलेले असतात, त्यामुळे एका फेरीत धारेपुढे दोनदा तंतूंची बाजू येते आणि दोनदा त्यांची टोकं. बाजू सहज कापली जाते, टोकांपाशी तंतू उपटतात. नव्याने केलेल्या जवळजवळ प्रत्येक वाडग्यावर समोरासमोर दोन खरखरीत डाग दिसतात ते यामुळेच. आधाराचा नियम इथेही तोच, पण दिशा उलटी होते. बाहेरून कातताना तळाकडून काठाकडे, म्हणजे लहान व्यासाकडून मोठ्याकडे जायचं. आतून काठाकडून मध्याकडे. दोन्हीकडे पुढच्या थरातले लांब तंतू कापल्या जाणाऱ्या तंतूला धरून ठेवतात. खरखरीत डाग राहिलेच तर नुकतीच धार लावलेल्या पटाशीने, अगदी संथ सरकत, कागदाएवढी पातळ वळी काढावी. जाड्या काचकागदाने ते घासत बसलं तर मऊ भाग आधी झिजतो, कडक भाग तसाच राहतो आणि वाडगा वाटोळा राहत नाही.

वेगाचा एक ठोकताळा सगळीकडे वापरला जातो. व्यास इंचांत घ्या, त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा, आणि उत्तर 6000 ते 9000 च्या दरम्यान ठेवा. 10 इंची वाडग्याला 600 ते 900 फेऱ्या, 2 इंची लाटण्याला 3000 च्या वर. शिकताना याच्या निम्म्यावर राहिलं तरी काही बिघडत नाही, आणि वेडावाकडा, अजून तोल न साधलेला ओंडका तर नेहमी सगळ्यात कमी वेगावर सुरू करायचा. कारण असं: 30 सेंटिमीटरच्या वाडग्याचा काठ 1000 फेऱ्यांना ताशी 56 किलोमीटरच्या वेगाने फिरत असतो. त्यातून सुटलेला तुकडा त्याच वेगाने निघतो.

म्हणून चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल घातल्याशिवाय लेथ सुरू करू नये, नुसता चष्मा पुरत नाही. सुरू करताना लाकडाच्या फिरण्याच्या रेषेत उभं राहू नये. हातमोजे अजिबात नकोत; कापड फिरत्या लाकडात अडकलं की हात ओढला जातो. ओढणी, पदर, सैल बाह्या, बांगड्या, लांब मंगळसूत्र, मोकळे केस, सगळं काढून किंवा आवळून ठेवायचं. काचकागद लावताना टेकू बाजूला काढायचा, आणि तेल-मेण लावायला चिंधीऐवजी कागदी टिपकागद घ्यायचा, जो अडकला तर फाटेल. धुळीकडे लोक सर्रास दुर्लक्ष करतात, ते मला सगळ्यात जास्त खटकतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे. नाक आणि त्यालगतच्या पोकळ्यांना तिचा धोका आहे. वळ्या जमिनीवर पडतात, त्या निरुपद्रवी. काचकागदाने उडणारी बारीक भुकटी श्वासात जाते. फ्लॅटच्या बाल्कनीत काम करणाऱ्याने चांगला मास्क लावावा आणि घरातल्या लहान मुलांना त्या वेळी तिकडे फिरकू देऊ नये.

लाकूड कुठून आणायचं? वखारीत साग आणि शिसव मिळतो, पण शिकायला तो महाग पडतो, आणि सागात वाळूसारखी सिलिका असल्यामुळे धार लवकर जाते. आंबा, जांभूळ, फणस, बाभूळ, चिंच ही आपल्याकडची लाकडं लेथवर सुंदर चालतात. पावसाळ्यात पडलेल्या झाडांचे ओंडके पुष्कळदा जळणाच्या भावात मिळतात. उभं झाड मात्र शहरात परवानगीशिवाय तोडता येत नाही. 1975 च्या कायद्यानुसार ती वृक्ष प्राधिकरणाकडून घ्यावी लागते.

असं ओलं लाकूड कातायला लोण्यासारखं जातं, वळ्या हातभर लांब निघतात आणि अंगावर पाण्याचा शिडकावा येतो. त्रास नंतर सुरू होतो. लाकूड वाळताना सगळ्या दिशांनी सारखं आक्रसत नाही. वाढचक्रांच्या रेषेत ते जवळजवळ दुप्पट आक्रसतं, मध्याकडून सालीकडे त्याच्या निम्म्याने. साग हा त्यातला शांत समजला जातो, तरी ओल्यापासून पूर्ण कोरडा होईपर्यंत तो एका दिशेने 5.8 टक्के आणि दुसरीकडे 2.5 टक्के घटतो. त्यामुळे गोल कातलेला ओला वाडगा वाळून लंबगोल होतो. ओंडक्याचा अगदी मधला गाभा आत राहिला असेल, तर चक्रांचा ताण सुटायला वाट उरत नाही आणि तडा जातो. म्हणून ओंडका आधी मधोमध उभा चिरून गाभा काढून टाकायचा, आणि आडव्या चिरलेल्या टोकांना लगेच मेण फासायचं, कारण पाणी तिथून सगळ्यात वेगाने उडतं.

मग वाडगा दोनदा कातायचा. पहिल्यांदा जाडजूड, व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतकी भिंत ठेवून. 25 सेंटिमीटरच्या वाडग्याला अडीच सेंटिमीटर. त्याच्या तळाशी पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहायचं, त्याच्याच वळ्यांसह कागदी पिशवीत घालून वारं थेट लागणार नाही अशा जागी ठेवायचं. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून जुन्या आकड्याखाली नवा लिहायचा. आकडे आधी भराभर उतरतात, मग हळू, आणि काही महिन्यांनी एकाच जागी थांबतात. तेव्हा तो वाडगा आपल्या घरच्या हवेशी जुळलेला असतो आणि दुसऱ्यांदा, अंतिम जाडीला कातता येतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने हे आकडे हलतच नाहीत, उलट वाढतात, आणि आंब्यावर बुरशीच्या काळ्या रेघा पसरतात. काही जणांना त्या रेघा आवडतात. मलाही, पण लाकूड भुसभुशीत व्हायच्या आत ते वाळवायला हवं.

वापरातल्या वाडग्याला आणि लाटण्याला जवसाचं कच्चं तेल चांगलं. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, शेंगदाण्याचं तेल तसं होत नाही आणि खवट होतं. जवसाच्या तेलाचे बोळे मात्र चुरगाळून कचऱ्यात टाकू नयेत. सुकताना त्यांतून उष्णता निघते आणि ढिगात ती साठून बोळे आपोआप पेट घेतात. ते उघडे पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून टाकावेत.

पण लेथवरच्या लाकडाला सगळ्यात शोभणारी गोष्ट म्हणजे लाख, आणि ती आपल्या मातीतली आहे. पळस, बोर, कुसुम या झाडांवर वाढणारे किडे ती तयार करतात. कर्नाटकातलं चन्नपट्टण, आंध्रातलं एटिकोप्पाका, गोव्यातली कुंकळ्ळी आणि आपली सावंतवाडी ही तिची जुनी ठिकाणं. सावंतवाडीच्या चितार आळीत पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची फळं आणि खेळणी आजही दिसतात. तिथल्या राजवाड्यात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी 1970 च्या दशकात गंजिफाच्या पत्त्यांची कला मरणपंथावरून परत आणली. चन्नपट्टणात आणि एटिकोप्पाकात काळ्या कुड्याचं पांढरं, बारीक पोताचं लाकूड वापरतात, कारण त्यावर रंग खुलतो.

लाख चढवायची पद्धत घरी शिकण्याजोगी आहे. गरम लाखेत रंग मळून तिच्या कांड्या केलेल्या असतात. काचकागद झालेलं लाकूड चांगल्या वेगात फिरवायचं आणि कांडी त्यावर दाबायची. लाख 75-80 अंशांच्या आसपास वितळते आणि तेवढी उष्णता नुसत्या घर्षणातून मिळते. वेग कमी पडला तर लाख वितळत नाही, तिचे कण आणि गोळे चिकटतात. दाब जास्त झाला तर आधीचा थरच उचलला जातो. रंग बसला की काटे काढलेलं केवड्याचं पान दुमडून त्यावर दाबत नेतात. पानाखाली लाख पुन्हा किंचित मऊ होते, पसरते, आणि पान पुढे सरकतं तशी मागे चकाकी उमटत जाते.

सुरुवात भोवऱ्याने करावी. दोन रंग शेजारी द्यायचे असतील तर आधी तिरक्या पटाशीच्या टोकाने मध्ये एक बारीक खाच काढावी आणि फिका रंग पहिल्यांदा चढवावा, म्हणजे गडद रंग त्यात मिसळत नाही. लाख उष्णतेने आणि स्पिरिटने सुटते, तेव्हा गरम पदार्थांच्या भांड्यांना ती नको, पण खेळण्याला, डबीला, पाळण्याच्या दांड्यांना उत्तम. भोवऱ्याचं निमुळतं टोक टेलस्टॉककडे ठेवून काम करावं आणि टेलस्टॉकच्या टोकाने तिथे पाडलेली बारीक खळी शेवटी घासून पुसू नये. भोवरा ज्या अक्षावर कातला गेला तो अक्ष नेमका तिथून जातो. त्याच जागी बारीक छिद्र पाडून आर ठोकली, तर जाळी सुटल्यावर भोवरा डगमगत नाही.